पूर्णेचं पुणं होतं तेव्हा

‘तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं मंदिर आहे.’ मुक्ताईनगर तालुक्यातल्या मुलाला हे वाक्य तोंडी सांगा, त्यात न समजण्यासारखं काही नाही. संगम त्याच्या ओळखीचा आहे, मंदिरात तो घरच्यांबरोबर जाऊन आलेला आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना मायना सुचेना म्हणून कोरंच पत्र पाठवलं, मुक्ताबाईने त्यावरून टोला हाणला आणि उत्तर पासष्ट ओव्यांत गेलं, ही आख्यायिकाही तो आजीकडून ऐकून असतो. आता हेच वाक्य फळ्यावर लिहून त्याला वाचायला सांगा. वर्गातलं एखादं मूल ‘तापी’पर्यंत नीट येतं, थांबतं आणि म्हणतं, ‘पुण्याच्या संगमावर’. वर्ग हसतो. गुरुजी म्हणतात, लक्ष कुठे असतं रे तुझं?

लक्ष तिथेच होतं. ‘पूर्णेच्या’ हा शब्द जरा जवळून बघा. प वाचायचा, मग खाली उतरून दीर्घ उकार घ्यायचा. पुढे ण. त्याच्या डोक्यावर दोन खुणा आहेत, एक मात्रा आणि एक रफार. रफारातला र बोलायचा ण च्या आधी आणि मात्रेचा ए बोलायचा ण च्या नंतर. म्हणजे एकाच अक्षरावर बसलेल्या दोन खुणांपैकी एक मागे न्यायची, दुसरी पुढे. त्यानंतर अर्धा च, य आणि काना. सरावलेला वाचक हे सगळं एका नजरेत, पाव सेकंदात उरकतो आणि आपण काही केलं हेच त्याला कळत नाही. या मुलाच्या हाती पू लागला, ण लागला, च्या लागला. मधलं निसटलं. मग त्याने ओळखीचा, तसाच दिसणारा, व्याकरणात बसणारा शब्द भरला. अंदाज चुकला, पण तो लावायला डोकं लागतं.

असं अधूनमधून सगळ्याच मुलांचं होतं. काहींचं मात्र रोज होतं, चौथी-पाचवीनंतरही होतं, चांगलं शिकवूनही होतं. आणि तोंडी विचारलं तर हेच मूल पटापट उत्तरं देतं. या अडचणीला ‘डिस्लेक्सिया’ हे नाव १८८० च्या दशकात रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने दिलं, तेही प्रौढ रुग्ण पाहून. मुलांमधल्या अडचणीचं पहिलं गाजलेलं वर्णन १८९६ चं. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाविषयी लिहिलं. मुलगा हुशार, गणितात बरा, खेळात चपळ. वाचन मात्र जमेना. स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करी आणि ती त्याच्या लक्षातही येत नसे. त्याच्या मास्तरांचं मत त्या टिपणात नोंदलेलं आहे: सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

या मताला सव्वाशे वर्षं उलटून गेली. तेव्हा ती नुसती हळहळ होती. आज छापलेलं जवळपास काहीही तोंडी करून देणारं यंत्र मुक्ताईनगरच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या खिशात आहे. ते चालतं कसं, कुठे अडतं आणि खानदेशातल्या मुलाच्या हाती दिल्यावर त्याचं काय होतं, हे नीट कळलं तर त्याचा उपयोग आहे. नाहीतर तो आणखी एक मोबाइल, ज्याच्यावर मूल व्हिडिओ बघत बसतं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. डिस्लेक्सियात मुलांना अक्षरं उलटी दिसतात, नाचताना दिसतात, हा समज २००७ च्या ‘तारे जमीं पर’ने घरोघरी पोचवला. त्या चित्रपटाचे उपकार मोठे आहेत. हजारो पालकांनी हा शब्दच तिथे पहिल्यांदा ऐकला. पण बहुतेक मुलांची मूळ अडचण डोळ्यांत नसते. बोललेल्या शब्दातले सुटे ध्वनी वेगळे करणं आणि ते ध्वनी अक्षरांशी झटपट जोडणं, हे काम मेंदूच्या डाव्या बाजूचे जे भाग करतात ते इथे वेगळ्या रीतीने चालतात. ‘कमळ’मधून क काढला तर काय उरतं, या प्रश्नावर मूल अडखळतं, आणि तिथे डोळ्यांचा संबंधच नाही. हे अनेकदा घराण्यात चालत येतं. बुद्धीशी त्याचं देणंघेणं नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची जी निदानपुस्तिका जगभर वापरली जाते, तिच्यात शाळकरी मुलांमधल्या डिस्लेक्सियासह सगळ्या प्रकारच्या विशिष्ट अध्ययन अक्षमतांचं प्रमाण ५ ते १५ टक्के दिलं आहे. खालचा आकडा धरला तरी चाळीसच्या वर्गात दोन मुलं होतात.

आता यंत्राकडे जाण्यापूर्वी एक छोटं गणित. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरांचा उलगडा गुणिले ऐकून समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, हे महत्त्वाचं. उलगडा शून्य तर उत्तर शून्य, मग ऐकण्याची समज कितीही असो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची दुसरी संख्या चांगली मोठी असते, पहिली मार खाते. वाचून दाखवणारं यंत्र पहिली संख्या बाहेरून पुरवतं.

ऐकण्याची समज वाचनावाचूनही किती वाढू शकते, हे खानदेशाला वेगळं सांगायला नको. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी रचलेलं मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी उतरवून घेतलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. त्यांना डिस्लेक्सिया होता असं कुणी म्हणू नये. त्यांना अक्षरं कुणी शिकवलीच नव्हती. पण अक्षर न येणं आणि भाषा न येणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याला याहून जवळचा पुरावा मिळणार नाही.

देवनागरीचं म्हणून एक वेगळं गणित आहे. इंग्रजी मुलाला २६ अक्षरं पुरतात, पण उच्चारांचा भरवसा नाही. मराठीत उच्चार बरेचसे लिहिल्याप्रमाणे, पण चिन्हांची फौज मोठी. तीस-पस्तीस व्यंजनांची बाराखडी मांडली की चारशेच्या आसपास अक्षरं होतात, वर जोडाक्षरं. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत केलेल्या अभ्यासात असं दिसलं की, एवढा अक्षरसंच पक्का व्हायला मुलांना तीन-चार वर्षं लागतात. इंग्रजी मुळाक्षरांसारखं ते वर्षभरात संपत नाही. मराठीचीही जातकुळी तीच. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत एका गाठीचा किंवा रेघेचा फरक. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर बोलायची. एकट्या र ची सोंगं बघा: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरका, ‘राष्ट्र’मध्ये खाली टोपीसारखा आणि ‘दऱ्या’मध्ये अर्धचंद्र. समुद्राचा दर्या आणि सातपुड्यातल्या दऱ्या यांत फरक त्या एका चंद्रकोरीचा.

मराठी बरीचशी लिहिल्याप्रमाणे बोलली जाते, याचा एक विचित्र परिणाम होतो. इटालियन, जर्मन अशा लिहिल्याप्रमाणे बोलल्या जाणाऱ्या भाषांत डिस्लेक्सिया असलेली मुलं चुकतात कमी, पण अतोनात हळू वाचतात. मराठीतही तोच नमुना दिसतो. मूल एकेक अक्षर जोडत बरोबर वाचतं, पण ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. शिक्षकाला वाटतं, वाचतो की! हळू वाचतो एवढंच. चुका दिसत नाहीत म्हणून अडचण दिसत नाही. शिवाय इंग्रजीसाठी बेतलेल्या चाचण्या मराठीला भाषांतर करून लावणं निरर्थक ठरतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटाने म्हणूनच भारतीय भाषांसाठी ‘डाली’ ही चाचणी तयार केली. २०१५ मध्ये ती आली, हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही. तिच्यात दोन भाग आहेत, एक वर्गशिक्षकाने प्राथमिक चाळणी लावण्यासाठी आणि दुसरा मानसशास्त्रज्ञासाठी.

आता यंत्र. वाचून दाखवणारं पहिलं चांगलं यंत्र रेमंड कर्झवाइल यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत अंधांसाठी केलं. ते टेबलभर जागा व्यापायचं. त्यातली दोन कामं आजही तीच आहेत: कागदावरची अक्षरं ओळखणं आणि ओळखलेला मजकूर बोलणं. ही दोन कामं वेगळी आहेत हे लक्षात ठेवलं की मोबाइल कुठे चुकतो ते लगेच कळतं.

मजकूर आधीच युनिकोडमध्ये, म्हणजे आज सर्वत्र चालणाऱ्या संगणकीय अक्षरसंकेतात, टाइप केलेला असेल, तर पहिलं काम करावंच लागत नाही. इथे देवनागरीच्या बाबतीत एक सुरेख गोष्ट आहे. युनिकोडमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली नसतात, ती बोलतात त्या क्रमाने असतात. ‘पूर्णे’ साठवलेलं असतं ते प, दीर्घ ऊकार, र, पाय मोडल्याची खूण, ण आणि एकार असं. र आपल्या जागी, ण च्या आधी. त्याला उचलून ण च्या डोक्यावर बसवण्याचं काम फाँट करतो, पडद्यावर दाखवताना. ‘कि’मधली वेलांटीही आत क च्या नंतरच असते. म्हणजे ज्या मागेपुढे उड्यांवर मुलाचा पाय घसरतो, त्या यंत्राला माराव्याच लागत नाहीत. कॅमेऱ्याने पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून वाचायला लावलं की मात्र यंत्राला मुलाचंच काम करावं लागतं, आणि ते मुलासारखंच चुकतं: घ चा ध करतं, फिकट छपाईत रफार गाळतं. पानाला बाक असेल, दोन रकाने असतील, मधे चित्राखालची ओळ असेल तर वाक्यांची सरमिसळ करतं.

तिसरा प्रकार सर्वांत त्रासाचा. युनिकोड रुळण्याआधीचे, आणि छापखान्यांत अजून चालणारे, जुन्या पद्धतीचे मराठी फाँट प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी चित्रं बसवतात. अशी पीडीएफ पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण तिच्या पोटात मजकूर म्हणून इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो. वाचायला लावलं की यंत्र तो कचरा इमानाने वाचून दाखवतं. पालकाला वाटतं मोबाइल बिघडला. बिघाड फाइलमध्ये असतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपच्या चौकटीत चिकटवायची. मराठी उमटली तर फाइल कामाची. नाहीतर पान कॅमेऱ्याने वाचवून घ्यावं लागेल, किंवा कुणीतरी तो धडा टाइप करायचा. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं फुकट उतरवता येतात. उतरवल्यावर आधी ही परीक्षा घ्यावी.

बोलण्याच्या कामात यंत्रं अलीकडे फार सुधारली. मायक्रोसॉफ्टच्या मराठी आवाजांची नावंच मुळी आरोही आणि मनोहर आहेत. त्या कंपनीच्या ‘इमर्सिव्ह रीडर’मध्ये मजकूर टाकला की अक्षरांमधलं अंतर वाढवता येतं, एका वेळी एकच ओळ उजळ ठेवता येते आणि बोलला जाणारा शब्द रंगवून दाखवला जातो. अँड्रॉइड मोबाइलच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमधलं ‘सिलेक्ट टू स्पीक’ हे जवळपास तेच काम पैसे न घेता करतं. गूगल लेन्सला पानाचा फोटो दाखवून ‘ऐका’ म्हणता येतं. हे सगळं लावताना दोन गोष्टी बघाव्यात. मराठी आवाज मोबाइलवर आधीच उतरवून ठेवावा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नये. आणि आवाज मराठीच आहे ना, हे कानाने तपासावं. हिंदीवर बसवलेला आवाज देवनागरी वाचतो खरा, पण त्याला मराठीचे दोन च माहीत नसतात. आपल्याच वाक्यात ‘पूर्णेच्या’मधला च वेगळा आणि ‘चांगदेवाचं’मधला शेवटचा च वेगळा. लिहिताना एकच अक्षर. हिंदी आवाज दोन्ही ‘चिंच’मधल्यासारखे म्हणतो, आणि आधीच ध्वनींच्या बाबतीत कच्च्या असलेल्या मुलाच्या गोंधळात भर घालतो.

गती कमी ठेवावी, पण फार नाही. शब्द तुटायला लागले की अर्थ निसटतो. मुलाने कानाने ऐकताना डोळ्यांनी रंगवलेला शब्द पाहायचा, ही यातली मुख्य मेख आहे. नुसतं ऐकलं तर धडा कळेल. ऐकत बघितलं तर ‘पूर्णेच्या’चा आकार आणि उच्चार वारंवार एकत्र येतील, आणि काही शब्द तरी आपोआप पक्के होतील.

इथपर्यंत सगळं पुण्या-मुंबईच्या मुलालाही लागू. आता मुक्ताईनगर. या पट्ट्यात घरी लेवा गणबोली आहे, तावडी आहे, धुळ्याकडे सरकलं की अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि भिलीच्या तऱ्हा, तांड्यांवर गोरमाटी. गॉफ आणि टनमर यांच्या गुणाकारातली दुसरी संख्या आठवा, ऐकून समजणं. ती इथे आपोआप पूर्ण धरता येत नाही. पाठ्यपुस्तकातली मराठी आरोहीने कितीही गोड वाचली तरी ती घरच्या कानाची मराठी नाही. पहिली-दुसरीत हे जास्त जाणवतं, सातवी-आठवीत कमी.

याची एक बाजू अगदी ठोस आहे. लेवा आणि तावडीत ळ चा य होतो: डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. रावेर-मुक्ताईनगर हा केळीचा पट्टा, तिथे मूल पुस्तकात ‘केळी’ बघतं आणि ‘केयी’ म्हणतं. त्याने चूक वाचलं का? मुळीच नाही. त्याने क ला मात्रा ओळखली, ळ ओळखला, दीर्घ वेलांटी ओळखली, अर्थ लावला आणि आपल्या बोलीत उच्चारलं. उलगडा शंभर टक्के बरोबर. ज्याने ‘पूर्णेच्या’चं ‘पुण्याच्या’ केलं त्याची अडचण वाचनाची. ज्याने ‘केळी’चं ‘केयी’ केलं त्याची अडचण काहीच नाही. शिक्षकाला या दोहोंतला फरक कळला नाही, तर तो बोली बोलणाऱ्या मुलाला अक्षम ठरवील आणि खऱ्या अक्षम मुलाची अडचण ‘यांच्या घरी असंच बोलतात’ म्हणून सोडून देईल. दुसरी चूक मला जास्त घातक वाटते, कारण तिच्यात सगळे समजूतदार दिसतात.

यंत्रालाही हा फरक कळत नाही. गूगलचं ‘बोलो’ हे अॅप २०१९ मध्ये भारतात आलं, पुढे त्यात मराठी आली आणि त्याचं नाव ‘रीड अलाँग’ झालं. मूल मोठ्याने वाचतं, अॅप ऐकतं, अडलं तर शब्द बोलून दाखवतं. कल्पना उत्तम. चिडत नाही, हसत नाही, पुन्हा म्हण म्हणून कंटाळत नाही; हे गुण माणसांत दुर्मीळ. पण त्याचा कान प्रमाण मराठीवर घडलेला. ‘केयी’ ऐकून ते अडलं तर मोठ्या माणसाने शेजारी बसून सांगायला हवं की, तू बरोबर वाचलंस, यालाच तुझं बोलणं कळत नाहीये. बोलून टाइप करण्याचंही तेच. गूगलने मराठीत बोलून लिहिण्याची सोय २०१७ मध्ये दिली. ज्याचं लेखन हळू आणि अशुद्ध आहे त्याला ती फार उपयोगी, पण बोलीतला शब्द आला की यंत्र जवळचा भलताच शब्द उचलतं, आणि तो चुकलाय हे ओळखण्यासाठी पुन्हा वाचावंच लागतं. वाचनात कच्च्या मुलाने लिहून झाल्यावर तो मजकूर यंत्राकडूनच वाचवून ऐकावा, म्हणजे चूक कानाला सापडते.

म्हणून माझ्या मते इथलं सर्वांत उपयोगी साधन सर्वांत साधं आहे: ओळखीच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण. बाईंनी इतिहासाचा धडा मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करायचा, अवघड शब्दाशी थांबून घरच्या बोलीत एक वाक्य घालायचं आणि फाइल पालकाला पाठवायची. मूल पुस्तक उघडून बोट ठेवत ऐकेल. एक धडा, दहा मिनिटं, आणि पुढच्या वर्षीच्या मुलालाही तोच चालतो. हे करायला कुणाची परवानगी लागते का, असा प्रश्न पडतो. नाही लागत. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींच्या शिक्षणासाठी पुस्तक त्यांना वापरता येईल अशा स्वरूपात करून देण्याची मुभा कुणालाही दिली आहे, धंदा म्हणून करायचं नाही एवढंच. २०१३ च्या माराकेश कराराने हीच गोष्ट जगभर नेली. त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत, आणि अंधांबरोबरच डिस्लेक्सिया असलेले वाचकही त्यात धरलेले आहेत. याच विचाराने २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. तिथलं सदस्यत्व पुस्तक छापील स्वरूपात वाचता न येणाऱ्यांसाठी असतं. लहान मुलांच्या मराठी गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ कुणालाही खुलं आहे.

हे म्हणजे मुलाला फसवणूक शिकवणं आहे, असं पालक म्हणतात, शिक्षकही म्हणतात. ऐकून धडा केला तर वाचायला कधी शिकणार? केळीला घड लागला की शेतकरी बांबूचा टेकू देतो. झाडाने फसवलं असं कुणी म्हणत नाही, आणि टेकू दिला म्हणून पाणी-खत बंदही करत नाही. शंकेचा दुसरा अर्धा भाग मात्र खरा आहे. यंत्र वाचून दाखवतं, वाचायला शिकवत नाही. त्यासाठी ध्वनी सुटे करण्याचे खेळ, अक्षरगट ठरलेल्या क्रमाने, एकाच वेळी ऐकत-बघत-गिरवत आणि पुष्कळ उजळणी करत शिकवावे लागतात. हे काम माणसाचं, रोजचं आणि कंटाळवाणं. पण त्याला लागणाऱ्या दोन-तीन वर्षांत इतिहास, विज्ञान, भूगोल थांबत नाहीत. वाचन येईपर्यंत मुलाला त्या सगळ्यांबाहेर उभं केलं, तर शब्दसंग्रह आणि माहितीही खुंटते. पहिली संख्या सुधारेपर्यंत दुसरी घसरलेली असते.

बाजारात आणखी काय काय मिळतं. रंगीत काचा आणि रंगीत प्लॅस्टिकचे कागद यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला भरवशाचा पुरावा नाही. डिस्लेक्सियासाठी खास म्हणून केलेले फाँट रोमन लिपीचे, आणि तिथेही चाचण्यांत ते साध्या फाँटपेक्षा सरस ठरलेले नाहीत. अक्षरांतलं अंतर वाढवण्याचा मात्र फायदा इटालियन आणि फ्रेंच मुलांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसला. देवनागरीत शिरोरेघेमुळे अक्षरं फार लांबवता येत नाहीत, पण शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवता येतं. प्रश्नपत्रिका मोठ्या टायपात, मोकळ्या ओळींत छापायला खर्च एका जादा कागदाचा.

एका गोष्टीची सरमिसळ होऊ नये. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. ही सगळी मुलं डिस्लेक्सियाची असणं शक्यच नाही; बहुतेकांना पुरेसं शिकवलं गेलेलं नाही. दोन्हींची लक्षणं वरून सारखीच. फरक कळायला चांगलं शिकवून बघावं लागतं: काही महिने नीट, क्रमाने शिकवल्यावर बहुतेक मुलं पुढे सरकतात, जे मूल प्रयत्न करूनही तिथेच राहतं त्याची तपासणी करायची.

तपासणीचा रस्ता कायद्याने आखलेला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आले, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता पहिल्यांदाच देशभरासाठी आली. अशी मुलं लवकरात लवकर ओळखणं हे कर्तव्य त्या कायद्याने शिक्षणसंस्थांवर टाकलं आहे. महाराष्ट्र याबाबतीत पुढे होता. १९९६ मध्येच राज्याने या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी याची खास दालनं आहेत. त्यामुळे सवलतींचा लाभ बराच काळ शहरातल्या, त्यातही इंग्रजी शाळांतल्या मुलांकडे झुकलेला राहिला. मुक्ताईनगरच्या पालकाला भुसावळ ओलांडून जळगाव गाठायचं, मजुरी बुडवून, आणि एका खेपेत काम होईल याची खात्री नाही. केंद्राच्या नियमांनुसार अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतरच मिळतं, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावं लागतं. म्हणजे दहावीच्या तोंडावर, ऐन धावपळीत, एक खेप ठरलेली. ती नववीच्या सुरुवातीलाच करून घेणं बरं. पहिली पायरी मात्र गावातच आहे: शाळेने तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकाला कळवायचं. मोबाइलवरचा आवाज, रेकॉर्ड केलेला धडा, मोठ्या टायपातली प्रश्नपत्रिका यांना प्रमाणपत्राची वाट बघावी लागत नाही, ती उद्यापासून सुरू करता येतात.

दहावीच्या परीक्षेच्या खोलीत मात्र मोबाइल चालत नाही. तिथे जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुकांकडे सवलतीने पाहिलं जातं. अर्ज शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. जळगाव, धुळे, नंदुरबार त्याच मंडळात येतात. ज्या मुलाने वर्षभर यंत्राच्या आवाजावर अभ्यास केला, त्याला त्या दिवशी अचानक माणसाला उत्तर सांगून लिहून घ्यायचं असतं, आणि ते वेगळं कौशल्य आहे. प्रश्न पुन्हा वाचायला सांगायचा, उत्तराचे मुद्दे आधी मनात लावायचे, वाक्य पूर्ण करून थांबायचं, लेखनिकाने काय लिहिलं ते वाचून घ्यायचं. आठवीच्या घटक चाचण्यांपासून हा सराव सुरू केला तर दहावीपर्यंत जमतो. सरावासाठी वरच्या वर्गातली एखादी ताई पुरते. फक्त तिने उत्तर सुचवायचं नाही, हे तिला आधी शिकवावं लागतं.